गफूर मास्टरची कच्ची शिलाई

गफूर मास्टरांना माणसांची नावं लक्षात राहत नसत, मापं राहत. चौकात कोणी हात केला की ते आधी त्याच्या खांद्यांकडे पाहत, मग पोटाकडे, मग पुटपुटत, "साडेसतरा, चाळीस, सदतीस... अरे, हा तं खताच्या दुकानवाला." एवढं झाल्यावर मास्टरांचा हात वर जाई. तोवर खताच्या दुकानवाला पुढे निघून गेलेला असे.

एका लग्नात त्यांनी नवरदेवाला जवळ बोलावून निरखलं आणि मुलीच्या मामाला बाजूला घेऊन सांगितलं, "पोरगा चांगला हाय. फक्त डावा खांदा पाव इंच खाली हाय. मंग म्हणू नका, मास्टरनं सांगतलं नाई." लग्न पार पडलं. पण आहेर देताना मामाने नवरदेवाला सरळ उभं राहायला लावलं, हे मी स्वतः पाहिलं आहे.

आमच्या मूल गावात, बसस्टँडमागच्या गल्लीत मास्टरांचं 'लंडन टेलर्स' होतं. मास्टर लंडनला गेलेले नव्हते. नागपूरलाही फक्त पोरीच्या घरी, आणि तेही नाइलाजाने. दुकानाचं नाव लंडन कसं, असं विचारलं तर म्हणत, "पेंटरकडं बोर्ड तयार पडून होता. ज्यानं सांगतला होता तो गडचिरोलीले निघून गेला. वाया जाऊन राह्यला होता, म्हणून आणला."

त्याच इमारतीत वरच्या मजल्यावर माझा कम्प्युटर क्लास होता. सहा कम्प्युटर, त्यांतले चार चालू. सरकारने त्या वर्षांत नोकरदारांना कम्प्युटरची परीक्षा सक्तीची केली होती, त्यामुळे माझे विद्यार्थी म्हणजे एक तलाठी, एक ग्रामसेवक आणि निवृत्तीला टेकलेले दोन गुरुजी. गुरुजी माऊस असा धरत की सोडला तर उडी मारून पळेल. त्यांना शिकवून माझं पोट भरत होतं, पण मन पुण्यात होतं. पुण्याला एका कंपनीत मुलाखतीला जाऊन आलो होतो. तिथल्या साहेबाने विचारलं, "वेब फ्रेमवर्क येतं का?" मी म्हणालो, "येईल." त्याने विचारलं, "कधी?" मी बोटांवर महिने मोजू लागलो आणि त्याने चहा मागवला, तो एकट्यासाठी.

नागपूरच्या मित्राने मग मला एक सीडी करून दिली. तिच्यात पायथन नावाची प्रोग्रॅमिंगची भाषा होती आणि त्या भाषेतलं एक फ्रेमवर्क, म्हणजे वेबसाइट बांधायचा तयार सांगाडा. सोबतच्या पुस्तकात पहिल्याच पानावर लिहिलं होतं की खऱ्या कामावर शिका, खोट्यावर शिकून उपयोग नाही. मूलमध्ये खरं काम कुठून आणायचं, या विचारात मी बसलो असताना गफूर मास्टर जिना चढून आले. हातात जाड रजिस्टर होतं. त्यांनी ते टेबलावर उलटं धरलं तेव्हा भुसा पडला.

"सरजी," ते म्हणाले, "उधईनं साऱ्या गावाची कमर खाऊन टाकली."

मास्टर मला 'सरजी' अशी हाक मारत आणि पुढचं क्रियापद एकेरी वापरत. हाकेचा मान माझ्या क्लासला होता, एकेरी माझ्या वयाला.

तीस वर्षांची मापं अशा रजिस्टरांत होती. दोन रजिस्टरं वाळवीने संपवली होती, तिसरं नुकतंच खायला घेतलं होतं.

"हे तुह्या मशीनमंदी जाईन का?"

"जाईल."

"मशीनले उधई लागते?"

"नाही."

"उंदीर?"

"उंदीर वायर खातात."

"मंग वायर वर टांगू," मास्टर म्हणाले आणि काम ठरलं.

एक कम्प्युटर खाली दुकानात न्यायचं ठरलं, कारण रजिस्टरं दुकानाबाहेर जाणार नाहीत अशी मास्टरांची अट होती. शिवणयंत्राशेजारी तो मांडला. मास्टरांनी खुर्ची ओढली, कीबोर्डवर बोट ठेवलं आणि टेबलाखाली त्यांचा पाय आपोआप चालू झाला. शेवटपर्यंत हे सुटलं नाही. पाय हलत असेपर्यंत टायपिंग चाले, आणि कोणी गिऱ्हाइकाने बोलण्यात गुंतवून पाय थांबवला की बोटही थांबे. लोडशेडिंगमुळे दिवसातले निम्मे तास कम्प्युटर मुका असे. तेव्हा मास्टर शेजारच्या शिवणयंत्रावर बसून मला ऐकू जाईल असे जोरात पाय मारत.

पहिल्या दिवशी मी पायथन बसवायला घेतलं. मास्टरांनी विचारलं, "पायथन मंजे?"

मी सरळ अर्थ सांगितला. "अजगर."

मास्टरांनी टेबलाखालचे पाय वर घेतले. मग म्हणाले, "दुसरं काई भेटलं नाई?"

त्या दिवशी आलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला त्यांनी गंभीरपणे सांगितलं की सरजीनं माह्या दुकानात अजगर बसवला. आमच्याकडे हे वाक्य कोणी अलंकार म्हणून ऐकत नाही. धानाच्या बांधीत, कोंबड्यांच्या खुराड्यात अजगर निघतोच. दुपारी चार वाजता मडावी गार्ड सायकलवरून उतरले. एका हातात काठी, कॅरिअरला गोणपाट. ते त्याच वर्षी वनखात्यातून रिटायर झाले होते, पण अजगर म्हटल्यावर त्यांना घरी राहवलं नाही. भरगच्च अंगाचा माणूस. दारात उभे राहिले की आत दिवा लावावा लागे. त्यांची खाकी वर्दी तीस वर्षं मास्टरांनीच शिवली होती.

"कुठी हाय?" त्यांनी विचारलं.

मास्टरांनी कम्प्युटरकडे बोट केलं. गार्डांनी वाकून मागच्या बाजूने पाहिलं.

"केवढा हाय?"

मी म्हणालो, "दहा-बारा एमबी."

"मंजे पिल्लू हाय," गार्ड म्हणाले आणि काठी भिंतीला टेकवून चहाला बसले. तेव्हापासून बाजाराच्या दिवशी मूलला आले की ते दुकानात डोकावून विचारत, "वाढला का?" मास्टर म्हणत, "खाते लय, वाढत नाई." मग दोघं तासभर बाकावर बसत. बोलत फार कमी. गार्ड रस्त्याकडे बघत, मास्टर काजं करत.

पायथन बसलं, पण हाक मारली तर ओ देईना. मी आज्ञा लिहिली की कम्प्युटर उत्तर देई, या नावाचं कोणी मला माहीत नाही. मास्टरांनी मला त्या इंग्रजी वाक्याचा अर्थ विचारला आणि अर्थ ऐकून त्यांना राग आला. "आत्ताच तं बसवला त्याच्या घरात. अन् वळखत नाई म्हणते?"

मी समजावलं, की कम्प्युटरला पायथन कुठे ठेवलंय तो पत्ता सांगावा लागतो.

"मंग सांग ना. काऊन लपवून राह्यला?"

पत्ता सांगितला. ओळख पटली. मग फ्रेमवर्क चढवलं, डेटाबेस जोडला, चाचणीचा सर्व्हर चालू केला आणि ब्राउझरमध्ये पत्ता टाकला. पडद्यावर पान आलं, की चाललं, तुमचं अभिनंदन. मला इतका आनंद झाला की मी उभा राहिलो. मास्टरांनी ते पान अक्षर अक्षर लावत वाचलं.

"अजून कपडा फाडला नाई, अन् हा मुबारक देऊन राह्यला," ते म्हणाले. "सरजी, इतक्यात खूश होणारा कारागीर कामाचा नाई."

हे सगळं आपल्याच मशीनवर चाललंय, बाहेर कुणाला दिसत नाही, इथे आपण हवं ते उसवायचं, चुकायचं, आणि पक्कं झालं की मगच लोकांसमोर न्यायचं, असं मी त्यांना सांगू लागलो. मला वाटलं याला अर्धा दिवस लागेल. मास्टर म्हणाले, "कच्ची शिलाई." आणि सुईत दोरा ओवायला लागले. पुढे पुण्याच्या साहेबाला हीच गोष्ट समजावायला मला सात मिनिटं लागली.

खरी गंमत पुढे झाली. पायथनमध्ये ओळ किती आत सरकवायची याला महत्त्व असतं. एखादी ओळ जरा मागेपुढे झाली की सगळं अडतं. माझा प्रोग्रॅम असाच अडला. मी तीन दिवस शोधत होतो. पुस्तक दोनदा वाचलं, नागपूरच्या मित्राला फोन केले. तिसऱ्या दिवशी मास्टरांनी कपड्यावर खुणा करायचा खडू घेतला आणि मी नाही म्हणायच्या आत मॉनिटरच्या काचेवर वरून खाली सरळ रेघ मारली. नंतर डोळा बारीक करून ओळींवरून बोट फिरवलं.

"हे पाय. ही ओळ अर्धा सूत आत हाय."

पाहिलं तर तिथे मी जागा सोडायला दुसरंच बटण दाबलं होतं. दुरुस्त केलं, प्रोग्रॅम चालला. त्या दिवशी जो कोणी दुकानात आला त्याला त्यांनी मॉनिटरवरची रेघ दाखवली. ती रेघ पुसायची नाही असा हुकूम झाला. क्लासच्या परीक्षेला तो कम्प्युटर वर न्यावा लागला तेव्हा गुरुजींनी मला विचारलं, "ही रेघ अभ्यासक्रमात आहे का?"

मापं भरण्याआधी प्रोग्रॅमची चाचणी घ्यायची होती. मी मास्टरांना सांगितलं, आधी खोटं गिऱ्हाईक टाकून पाहू. आणि नाव काहीतरी, छाती दहा, कमर पन्नास असं टाकून मोकळा झालो. मास्टरांनी ते पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला.

"हा माणूस चालत कसा असन?"

"मास्टर, असा माणूस नाही. टेस्टसाठी टाकलाय."

"पण टाकला ना तू."

दुसऱ्या दिवशी मी खाली आलो तर मास्टर जुन्या वर्तमानपत्राचा खाका कापून बसले होते. दहाची छाती, पन्नासची कमर. घंटेसारखा काहीतरी आकार झाला होता. "शर्ट होईन," ते म्हणाले, "पण याले खांदे कुठून आणू?" त्यांनी त्या माणसाचं नाव टेस्टकर ठेवलं. टेस्टकरबद्दल ते पुढे कित्येक दिवस काळजीने बोलत. एका गिऱ्हाइकाने तर विचारलंही, की हे टेस्टकर कोणत्या गावचे, आमच्या नात्यात एक आहेत तसे.

पण परीक्षक म्हणून मास्टरांना तोड नव्हती. माझ्या पुस्तकात चाचणीचे जे प्रकार दिले होते ते त्यांच्या पासंगालाही पुरत नव्हते. छातीच्या जागी ते 'बत्तीस' असं अक्षरात लिहीत. मधेच गिऱ्हाइकाशी भांडायला उठून जात आणि आल्यावर अर्धवट भरलेलं पान पुढे ढकलत. एकच माणूस तीनदा भरत, एकदा नावाने, एकदा बापाच्या नावाने, एकदा 'तोतरा' म्हणून. दर वेळी प्रोग्रॅम कोसळे आणि मी चिडे. मास्टर शांतपणे म्हणत, "माह्यावर काऊन चिडून राह्यला? गिऱ्हाईक असाच येते. कोणी सरळ आलाय का आजपर्यंत?" मी प्रत्येक चूक वहीत लिहून घेई आणि तिच्यासाठी एक चाचणी लिही. महिनाभरात त्या चाचण्या प्रोग्रॅमपेक्षा लांब झाल्या.

मग मापं भरायला सुरुवात झाली. मास्टर वाचत, मी लिहीत. प्रत्येक नावामागे गोष्ट असे. "हा लगनाच्या वक्ती अठ्ठावीस होता, आता पाय." दिवाळीपर्यंत अर्धं मूल गाव मशीनमध्ये गेलं.

आणि तिथेच माझ्या हातून चूक झाली. वरच्या मजल्यावरच्या कम्प्युटरवरून काम पाहता यावं म्हणून मी खालचा सर्व्हर क्लासच्या सगळ्या कम्प्युटरांना खुला केला. कुलूप लावायचं, म्हणजे पासवर्ड घालायचा, उद्यावर ठेवलं. त्या दुपारी मी जेवायला गेलो असताना तलाठी भाऊसाहेब सरावाला आले. त्यांना सहा महिन्यांत फाइल उघडता आली नव्हती. पण त्या दिवशी त्यांना ते पान सापडलं, यादी सापडली, आणि यादी कमरेप्रमाणे मोठ्याकडून लहानाकडे लावायचं बटणही सापडलं. प्रिंटरही चालू होता.

मी जेवून परत आलो तोवर यादी पानठेल्यावर लागली होती. पहिला नंबर राइस मिलवाल्या शेठजींचा होता, दुसरा सोसायटीच्या अध्यक्षांचा. लोक निकाल पाहायला यावेत तसे येत होते. कोणी आपलं नाव खालून शोधत होतं, कोणी शेजाऱ्याचं वरून. एका शाळामास्तरांनी बायकोला दोन वर्षं चौतीस सांगितलं होतं, ते अडतीस निघालं.

शेठजी स्वतः दुकानात आले. पहिल्या नंबराबद्दल त्यांची तक्रार नव्हती. आकड्याबद्दल होती.

"मास्टर, चार इंच कमी करा."

"कमर कमी करून आणा शेठजी, मी आकडा कमी करतो," मास्टर म्हणाले.

हे वाक्य गावभर झालं. सगळे हसत होते. मीही हसलो. मास्टर मात्र हसत नव्हते. शेठजी गेल्यावर त्यांनी मला पानठेल्यावरून यादी काढून आणायला सांगितली. मी आणली. त्यांनी ती घडी घालून कैचीखाली ठेवली.

"सरजी, माणूस माह्यासमोर शर्ट काढून उभा राह्यते," ते म्हणाले. "पोट आत न घेता उभा राह्यते. डॉक्टरसमोर बी तो पोट आत घेते. माप अमानत हाय."

मी माफी मागितली. त्यांनी मान हलवली, कम्प्युटरचं बटण बंद केलं आणि त्यावर एक अस्तराचं कापड टाकलं. पुढचे काही दिवस मास्टर सायकल घेऊन घरोघर हिंडले. यादीत ज्यांचं नाव होतं त्या प्रत्येकाकडे जाऊन त्यांनी सांगितलं की चूक आपल्या दुकानातून झाली. माझं नाव कुठेही घेतलं नाही. सोसायटीच्या अध्यक्षांनी त्यांना अर्धा तास दारात उभं ठेवलं, हे मला नंतर दुसऱ्याकडून कळलं. तलाठी भाऊसाहेब क्लासला यायचे थांबले. परीक्षेत पास मात्र झाले.

पंधरा दिवस ते अस्तराचं कापड हललं नाही. मी वर बसून पासवर्डचं काम पुरं केलं. कोण पाहू शकेल, काय पाहू शकेल, सगळं लिहिलं. ज्या ज्या प्रकारे ते कुलूप फोडता येईल असं मला वाटलं, त्या प्रत्येकाची चाचणी लिहिली. मग एका दुपारी खाली जाऊन म्हटलं, "मास्टर, एकदा ट्रायल घ्या. उघडून दाखवा."

मास्टरांनी दोन दिवस घेतले. माझ्या नावाने, माझ्या गावाच्या नावाने, टेस्टकरच्या नावाने पासवर्ड टाकून पाहिले. शेजारच्या घड्याळवाल्याला बोलावून त्याच्याकडून प्रयत्न करवला. शेवटी म्हणाले, "आता बरं लागलं काज." आणि रजिस्टर उघडलं.

उन्हाळ्याच्या तोंडावर सगळी मापं भरून झाली. त्या वेळी मला पुण्याचं दुसरं बोलावणं आलं होतं. साहेबाने या खेपेला विचारलं, की तुम्ही टेस्टिंग कसं करता. मी अर्धा तास बोललो, आणि चहा दोघांसाठी आला. जूनमध्ये रुजू व्हायचं ठरलं.

निघायच्या आधी मास्टरांनी एक शेवटचं काम सांगितलं. "जे कोणी लय दिवसांत आले नाई, ते वेगळे करून दाखवते का तुही मशीन?"

मला वाटलं, रेडिमेडच्या दुकानांनी पळवलेली गिऱ्हाइकं परत बोलवायची असतील. मी पान तयार करून दिलं. यादी लांबलचक निघाली. मास्टरांनी पडद्यावर बोट ठेवून एकेक नाव वाचलं. "हा हैदराबादले गेला. हा जीन घालते आता. हे वारले, पण याइचं नाव राहू दे, काढू नको." बोट मडावी गार्डांच्या नावावर थांबलं. टेबलाखालचा पायही थांबला.

मलाही तेव्हाच जाणवलं, की कित्येक बाजार झाले, अजगराची चौकशी करायला कोणी आलं नव्हतं.

"तुह्या गाडीत पेट्रोल हाय?" मास्टरांनी विचारलं.

सावली गावाच्या रस्त्याला आत एका खेड्यात गार्डांचं घर होतं. अंगण सारवलेलं, कडेला मोहाचं झाड, त्याखाली बाज. बाजेवर एक माणूस बसला होता. मी त्यांना ओळखलं नाही. मिशा त्याच होत्या, पण त्यांच्या मागचा माणूस कुठेतरी गेला होता. पोटाचं दुखणं निघालं होतं, नागपूरला नेऊन आणलं होतं, असं त्यांच्या बाईंनी पाणी देताना हळू सांगितलं. अंगात जुनी खाकी होती. तिच्यात आणखी एक माणूस मावला असता.

"या मास्टर," गार्ड म्हणाले. "हा तुमचाच शर्ट. पाहा, बुजगावण्यावानी दिसून राह्यलो."

मास्टर जवळ गेले. त्यांनी शर्टाची बाही दोन बोटांत धरून चोळली.

"कापड बेकार निघालं," ते म्हणाले. "असं कापड धुऊन धुऊन पसरते. मलेच कळलं नाई तवा."

ज्या माणसाने तीस वर्षांत कधी स्वतःच्या कापडाला नाव ठेवू दिलं नव्हतं, तो हे बोलत होता. मग खांद्यावरची टेप काढून ते म्हणाले, "उठा भाऊ. नवा शिवतो. सरजी, लिव."

गार्ड बाजेच्या आधाराने उभे राहिले. मास्टरांनी छातीभोवती टेप फिरवली. मी वही घेऊन शेजारीच होतो, मला आकडा दिसत होता. पस्तीस.

"छाती बेचाळीस," मास्टर म्हणाले.

माझी पेन्सिल थांबली.

"लिव ना. बेचाळीस. कमर अडतीस."

"पह्यलेएवढीच?" गार्डांनी विचारलं.

"एक सूत कमी नाई."

एकामागून एक मापं मास्टर खणखणीत आवाजात सांगत गेले. प्रत्येक आकडा जुन्या रजिस्टरातला होता. मी लिहीत गेलो. गार्ड ताठ उभे होते. बाई दाराची चौकट धरून पाहत होत्या.

परत येताना हमरस्त्याला लागल्यावर मास्टरांनी माझ्या खांद्यावर थाप मारून गाडी थांबवायला सांगितली. उतरले, रस्त्याकडेच्या दगडावर बसले.

"दुसरं पान काढ. छाती पस्तीस, कमर एकोणतीस, खांदा..." सगळी खरी मापं त्यांनी एकदाही न अडखळता सांगितली. शेवटी म्हणाले, "मशीनमंदी हेच टाक. मशीनले काई वाईट वाटत नाई." मग टोपी काढून तोंड पुसलं. ऊन फार होतं, हे खरं आहे.

तो शर्ट त्यांनी चार दिवस शिवला. मला वाटायचं, शर्ट लहान करायचा म्हणजे सगळीकडून थोडं थोडं कापायचं. तसं नसतं. त्यांनी खिसे लहान केले, कॉलर अरुंद केली, खांद्यावरच्या पट्ट्या जवळ घेतल्या, बटणंसुद्धा एक नंबर लहान लावली. घालणाऱ्याला काहीच वेगळं दिसू नये, अशा बेताने सगळं उतरवलं. दोनदा उसवलं. त्या चार दिवसांत त्यांनी दुसरं कापड हातात घेतलं नाही.

शर्ट पोचवायला आम्ही दोघं गेलो. गार्डांनी तो घातला, बटणं लावली, हात वर-खाली करून पाहिले. कुठे ढिला नव्हता. त्यांनी छातीवरून हात फिरवला आणि बाईंकडे बघून म्हणाले, "पाह्यलं? मी नव्हतो म्हणत, कापडातच खोट होती?" आणि आत गेले.

बाई आम्हाला पोचवायला रस्त्यापर्यंत आल्या. मी गाडी काढली. त्या मास्टरांना म्हणाल्या, "भाऊ, त्याइनं घरातला आरसा उलटा करून ठेवला होता. दोन महिने झाले. आता सरळ करून राह्यले."

मास्टरांनी घराकडे पाहिलं. आतून मडावी गार्ड कुणाला तरी मोठ्याने काही सांगत होते.

"बाई, पुढच्या आठवड्यात येतो," मास्टर म्हणाले.

"शर्ट तं झाला ना, भाऊ."

"झाला," मास्टर म्हणाले. "मी येतो."